प्रागैतिहासिक आणि प्राचीन कला : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळीसगावच्या बाजूला मी बरीच वर्षं चित्रकला शिकवली. पावसाळा सरला की मुलांना घेऊन पाटणे, पितळखोरा आणि अजिंठा अशी फेरी ठरलेली असायची. त्या फेऱ्यांत मुलांनी, पालकांनी, एसटीतल्या सहप्रवाशांनी विचारलेले आणि आता निवृत्तीनंतर कला इतिहासाची किंवा एमपीएससीची तयारी करणारे फोनवर विचारतात ते प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. क्रम पुस्तकातला नाही. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, तर काही लांबली आहेत. आपल्याच मातीतली वस्तू समोर आली की माझ्याच्यानं थांबवत नाही.

प्रागैतिहासिक म्हणजे नक्की कधीपर्यंतचं?

वाचता येईल असं लेखन नाही तोवरचं. ही रेघ साऱ्या जगात एकाच वर्षी ओढता येत नाही आणि परीक्षेत घोटाळा नेमका इथेच होतो. इजिप्तमध्ये खुफूचा पिरॅमिड उभा राहिला तो इ.स.पू. २५५०च्या सुमारास. तिथे लेखन होतं, म्हणून तो 'प्राचीन' इतिहासातला. त्यानंतर काही शतकांनी आपल्या तापीकाठी सावळद्याला लोक भांडी रंगवत होते, पण त्यांनी अक्षर मागे ठेवलं नाही. म्हणून वयाने धाकटी असूनही ती भांडी लेखनपूर्व काळात जमा होतात.

मधला एक कप्पाही आहे, आद्येतिहास. लेखन आहे पण आपल्याला वाचता येत नाही, किंवा शेजाऱ्याकडे लेखन आहे आणि यांच्याकडे नाही, अशा समाजांना हा शब्द लावतात. हडप्पा संस्कृती पहिल्या प्रकारातली. भारतात निर्विवाद वाचता येणारं लेखन अशोकाच्या शिलालेखांपासून, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून मिळतं.

'२५,००० वर्षांपूर्वी' आणि 'इ.स.पू. २५,०००' यांत फरक काय?

दोन हजार वर्षांचा. 'वर्षांपूर्वी' मोजताना शास्त्रज्ञ १९५० हे साल शून्य धरतात, कारण रेडिओकार्बनची, म्हणजे अवशेषात उरलेल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत विलर्ड लिबी यांनी त्याच सुमारास पुढे आणली. इ.स.पू. मात्र इसवी सनाच्या आरंभापासून मागे मोजायचं. पुराश्मयुगाच्या बाबतीत हा फरक किरकोळ वाटतो. पण ताम्रपाषाणयुगात '४००० वर्षांपूर्वी'चं 'इ.स.पू. ४०००' झालं की सावळदा संस्कृती एकदम दोन हजार वर्षांनी म्हातारी होते. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता लाल पेन आपोआप हातात येतं.

रेडिओकार्बन लागू पडतं ते कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना : कोळसा, हाड, शिंपला, अंड्याचं कवच. मर्यादा साधारण ५०,००० वर्षांची. गेरू हे खनिज आहे, त्याचं वय अशा रीतीने निघत नाही. म्हणून गेरूने काढलेल्या शैलचित्रांची वयं ठरवताना एवढी भांडणं होतात.

पुराश्म, मध्याश्म, नवाश्म, ताम्रपाषाण हे कसं लक्षात ठेवायचं?

हत्याराच्या आकारावरून. 'अश्म' म्हणजे दगड. पुराश्मयुगाची सुरुवात हातात मावेल न मावेल अशा जाड हातकुऱ्हाडीने होते आणि पुढे हत्यारं बारीक होत जातात. मध्याश्मयुगातली सूक्ष्मास्त्रं नखाएवढी असतात, ती लाकडात किंवा हाडात खोचून वापरत. नवाश्मयुगात घासून गुळगुळीत केलेली हत्यारं येतात आणि सोबत शेती. ताम्रपाषाणयुगात तांबं आलं तरी दगड सुटला नाही, म्हणून जोडनाव. महाराष्ट्रात शेतकऱ्यांची पहिली गावं थेट ताम्रपाषाणयुगातच दिसतात. 'आपल्याकडचं नवाश्मयुग' शोधत बसू नका.

पाटण्याला शहामृगाचं अंडं सापडलं हे खरं का? खानदेशात शहामृग कुठून आला?

खरं. हा प्रश्न प्रत्येक तुकडीने विचारला. एका पोराने तर अहिराणीत सरळ 'सर, हाई काय शे?' म्हणत माझ्याच चित्राकडे बोट दाखवलं होतं. फळ्यावरचा माझा शहामृग त्याला कोंबडी वाटला होता.

पाटणे गाव चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, सातमाळ्याच्या पायथ्याशी. लोक तिथे पाटणादेवीला जातात आणि भास्कराचार्यांच्या वंशजांच्या शिलालेखामुळे ते नाव अनेकांना ठाऊक असतं. पण त्या देवळाच्या कितीतरी आधीची गोष्ट त्याच परिसरातल्या मातीच्या थरांत होती. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. त्यातल्या उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले, कवचाचे मणी निघाले आणि एका तुकड्यावर कोरीव काम निघालं : समांतर रेघांच्या पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी. वय रेडिओकार्बनने सुमारे २५,००० वर्षं.

शहामृग इथलाच होता. त्या काळी हवा आजच्यापेक्षा कोरडी, मोकळं गवताळ रान. भारतातल्या बऱ्याच ठिकाणी अशी कवचं मिळाली आहेत आणि त्यातल्या काहींमधून मिळालेला डीएनए आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो, हे २०१७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आता खरी गंमत. भारतात इतरत्रही 'कोरीव' म्हणून कवचं पुढे आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांच्यावरच्या बहुतेक खुणा झाडांच्या मुळांनी पाडलेल्या निघाल्या. मुळाची रेघ वळत-वाकत जाते, कडांशी झिजलेली असते. दगडी टोकाने ओढलेली रेघ सरळ जाते आणि तिच्या तळाशी बारीक ओरखडे राहतात. पाटण्याचा तुकडा या परीक्षेत टिकला. वस्तू हातात आली की आधी 'हे कसं झालं' विचारायचं आणि 'याचा अर्थ काय' नंतर, हे मी मुलांना याच तुकड्यावरून शिकवलं.

दोन-चार तिरप्या रेघा, याला कला कशी म्हणायची?

तुमची शंका रास्त आहे. हा शब्द आपला, त्यांचा नव्हे. पण त्या कवचाकडे परत बघा. रेघा पट्ट्यात बसवल्या आहेत, पट्टा ओलांडत नाहीत आणि तीच रीत पुन्हा पुन्हा वापरली आहे. म्हणजे हात सुरू होण्याआधी डोक्यात आराखडा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत ७०,००० वर्षांहून जुन्या गेरूच्या तुकड्यावर अशीच जाळी कोरलेली मिळाली. आमच्या आज्यांच्या हातावरच्या गोंदणातही अशी नक्षी असे. तिघींचा संबंध जोडायला माझ्याकडे काहीच आधार नाही, तसा तो कोणाकडेच नाही. पण रेघेवर रेघ टाकून चौकटी पाडाव्याशा वाटणं फार जुनं आहे, एवढं मात्र दिसतं.

जंगम कला म्हणजे काय?

सातबारा आणि खरेदीखत पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. हलवता येते ती जंगम, जागेवरून हलत नाही ती स्थावर. मणी, कोरीव हाड, छोटी मूर्ती ही जंगम कला. गुहेच्या भिंतीवरचं चित्र स्थावर. जंगम वस्तूचा धोका असा की ती कुठे सापडली हे विसरलं की तिची निम्मी किंमत गेली. स्थावराला तो धोका नाही, पण ऊन, पाऊस आणि 'पिंट्या लव्ह पिंकी' यांपासून तिला लपता येत नाही.

शैलचित्र, कातळशिल्प, भित्तिचित्र हे सगळं एकच का?

नाही. नैसर्गिक खडकावर रंगाने काढलेलं ते शैलचित्र. ज्या पुढे आलेल्या खडकाखाली माणूस राहायचा तो शैलाश्रय. भीमबेटका हे त्याचं नामांकित उदाहरण. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी ते १९५७ साली शोधलं आणि २००३ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे जायचं, की ते आपल्याला मुंबईपेक्षा फार लांब नाही.

खडक खोदून किंवा ठोकून काढलेली आकृती म्हणजे कातळशिल्प. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, आता सगळ्यांना माहीत झाली आहेत. खडकावर वाटीसारखे गोल खळगे असतील तर त्यांना चषकचिन्हं म्हणतात. बांधलेल्या किंवा कोरलेल्या भिंतीला गिलावा करून त्यावर काढलेलं ते भित्तिचित्र. अजिंठ्याचं चित्र भित्तिचित्र आहे, शैलचित्र नव्हे. गिलावा आला की शब्द बदलला.

एकाच जागी चित्रावर चित्र का काढलेलं असतं? जागा कमी होती का?

जागा भरपूर असायची. तरीही एकाच भिंतीवर पाच-पाच थर मिळतात. याला अध्यारोपण म्हणतात. त्या भिंतीचंच काही महत्त्व असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आपल्याला त्याचा उपयोग वेगळाच. खालचं चित्र जुनं, वरचं नवं. गेरूचं वय निघत नसलं तरी आधी-नंतर तर लागतं. भीमबेटक्याला शिकारीच्या चित्रांच्या वर घोडेस्वार दिसतात, ते फार नंतरचे.

गुहांमधले हाताचे छाप आणि आपल्याकडचे थापे सारखेच का?

दोन प्रकार समजून घ्या. तळव्याला रंग लावून भिंतीवर दाबला तर तो सरळ छाप. लग्नघरी किंवा वास्तुशांतीला हळद-कुंकवाचे थापे उठवतात तो हाच. हात भिंतीवर ठेवून भोवती तोंडाने किंवा नळीने रंग फुंकला तर हाताची जागा कोरी राहते, तो उलटा छाप. युरोप, इंडोनेशिया, अर्जेंटिना इथल्या गुहांत हा उलटा प्रकार खूप आहे. मुलांकडून दोन्ही करून घ्या, फरक आयुष्यभर विसरणार नाहीत. तोंडात गेरू मात्र देऊ नका, टूथब्रश पुरतो.

गुहाचित्रं पहिल्यांदा कुणी शोधली?

पुस्तकात स्पेनमधल्या आल्तामिराचं नाव असतं. १८७९ साली सौतुओला नावाचे हौशी संशोधक आपल्या लहान मुलीसह गुहेत गेले, ते जमीन उकरत राहिले आणि छतावरचे बैल मुलीला दिसले. जाणकारांनी त्यांना खोटं ठरवलं आणि चित्रं खरी असल्याची कबुली यायला १९०२ उजाडलं. तोवर सौतुओला हयात नव्हते.

पण त्याच्या दहा-बारा वर्षं आधी, १८६७-६८मध्ये, पुरातत्त्वज्ञ आर्चिबाल्ड कार्लाईल यांनी मिर्झापूर भागात सोहागीघाटला शैलचित्रं पाहून ती प्राचीन असल्याचं ओळखलं होतं. त्यांनी ते वेळेवर नीट छापलं नाही आणि श्रेय गेलं. विद्यार्थ्यांनो, वही पूर्ण ठेवा असं मी उगाच म्हणत नव्हतो.

'विलेन्डॉर्फची व्हीनस' ही देवी आहे का?

ते नाव विसाव्या शतकातलं आहे. ऑस्ट्रियात १९०८ साली चुनखडीची ही अकरा सेंटिमीटरची बाई सापडली आणि युरोपीय पंडितांनी तिला रोमन सौंदर्यदेवतेचं नाव दिलं. ती २५,००० ते ३०,००० वर्षं जुनी आहे. रोम तर कालचं. आता बरेच जण नुसतं 'विलेन्डॉर्फची स्त्री' म्हणतात, मलाही तेच पटतं.

असाच घाईचा शब्द म्हणजे 'मातृदेवता'. बाईची मातीची मूर्ती सापडली की लाव चिठ्ठी. कधी ती बरोबरही ठरते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला घराच्या जमिनीखाली मातीची झाकण असलेली पेटी मिळाली. तिच्यात शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि वर दुसरी मूर्ती, सोबत बैल. मूर्ती बैलाच्या पाठीवर उभी करता येते. इतकी जपून पुरलेली वस्तू खेळणं नसावं, असं म्हणायला इथे जागा आहे. नुसत्या ढिगाऱ्यात मिळालेल्या मूर्तीबद्दल तसं म्हणता येत नाही. आपल्या भुलाबाईचंच घ्या ना. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ती देवी, आणि पुढे? चार हजार वर्षांनी कुणाला ती गावाबाहेर तुकड्यांत सापडली तर गाणी आणि खिरापत त्याला कुठून कळणार?

खापरांचा एवढा बाऊ कशाला?

खानदेशात खापर म्हटलं की आधी मांडे आठवतात. चुलीवर पालथं घातलेलं खापर, त्यावर हातभर पसरलेला पुरणाचा मांडा. पुरातत्त्वात खापर म्हणजे फुटलेल्या भांड्याचा तुकडा. शब्द एक, माती एक.

मडकं फुटतं पटकन, पण तुकडा कुजत नाही, गंजत नाही आणि चोरायला कुणी येत नाही. शिवाय भांड्याची माती, आकार, रंग, नक्षी पिढ्यापिढ्यांनी बदलते. म्हणून एखाद्या संस्कृतीची ओळख खापरांवरून ठरते आणि ती जिथे पहिल्यांदा ओळखली गेली त्या गावाचं नाव तिला मिळतं. शहादा तालुक्यातलं तापीकाठचं सावळदा हे छोटं गाव त्यामुळे जगभरच्या पुस्तकांत आहे. सावळदा संस्कृती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या आसपासची. भांडी संथ चाकावर केलेली, जाडसर, वर चॉकलेटी-तांबडा लेप, त्यावर काळ्या रंगात प्राणी आणि हत्यारांच्या आकृत्या. साक्री तालुक्यातल्या कावठ्याला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात याच लोकांची जमिनीत खड्डा करून बांधलेली घरं मिळाली.

त्यानंतर माळवा भांडी येतात, फिकट नारिंगी लेपावर गडद नक्षीची. मग जोर्वे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. तांबडी, काळ्या भौमितिक नक्षीची, इतकी पक्की भाजलेली की तुकड्यावर टिचकी मारली तर खणकन वाजतो. तोटीचं भांडं ही त्यांची खास खूण. गिरणेकाठचं बहाळ आणि तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे इथे असे थर एकाखाली एक मिळाले. प्रकाशेचं उत्खनन बी. के. थापर यांनी १९५४-५५मध्ये केलं, बहाळचं म. न. देशपांडे यांनी त्याच दशकात. प्रकाश्याला आपण दर्शनाला जातो, केदारेश्वराचं बघतो आणि परततो. ज्या टेकाडावरून चालतो ते माणसांच्या वस्तीनेच उंच झालेलं असतं, हे कुणी सांगत नाही. जुनी माणसं अशा जागेला 'पांढर' म्हणतात. राख आणि मोडकी घरं मिसळून माती पांढुरकी होते. शेतात टाकायला ती गाड्या भरभरून नेली जायची. किती संस्कृत्या अशा कपाशीच्या बुडाला गेल्या याचा हिशेब नाही.

एकच भांडं आतून काळं, बाहेरून तांबडं कसं? दोन रंग लावले का?

रंग लावलाच नाही. नेहमीची समजूत अशी की भांडं भट्टीत पालथं ठेवत, तोंड राखेत किंवा भुशात रुतलेलं. आत आणि काठाला हवा मिळत नाही, धूर कोंडतो, तो भाग काळा होतो. बाहेर हवा खेळती, मातीतलं लोह तांबडं होतं. यालाच काळी-तांबडी भांडी म्हणतात. कुंभाराची भट्टी पाहिलेल्याला हे दोन मिनिटांत समजतं, न पाहिलेल्याला पानभर लिहूनही समजत नाही.

दायमाबादचा रथ खानदेशातला ना?

नाही हो. तो अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातला, प्रवरेकाठचा. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं बूड खणताना चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. चारही भरीव ओतलेल्या, मिळून वजन साठ किलोहून जास्त. पुढे तिथे उत्खनन केलं ते पाटण्याच्याच साळींनी. पण या वस्तू उत्खननात, थरात मिळालेल्या नाहीत. म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. बहुतेक जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात.

इथे ओघाने येणारा शब्द मधूच्छिष्ट विधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचं उष्टं, म्हणजेच मेण. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजायचं, मेण वितळून बाहेर, रिकाम्या जागेत धातूचा रस. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी अशीच ओतलेली आहे.

इजिप्तच्या चित्रांतली माणसं अशी वाकडी का? त्यांना चित्र जमत नव्हतं?

चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. याला संमिश्र दृश्य म्हणतात. प्रत्येक अवयव ज्या बाजूने सर्वांत ओळखू येतो त्या बाजूने दाखवायचा, कारण त्यांना माणूस पूर्ण हवा होता, एका क्षणी दिसला तसा नको होता. पहिलीतलं मूल घर काढतं तेव्हा समोरची भिंत आणि बाजूची भिंत दोन्ही दाखवतं. फरक इतकाच की इजिप्तच्या कारागिराने हा नियम मोजपट्टीने बांधून तीन हजार वर्षं पाळला.

याच प्रश्नाला जोडून दोन शब्द. राजा मोठा आणि शत्रू चिमुकला, हे मानानुसार प्रमाण. चित्राचे आडवे पट्टे पाडून गोष्ट सांगणं, ही पट्टरचना. इ.स.पू. ३१००च्या आसपासच्या, इजिप्तचा राजा नार्मर याच्या दगडी पाटीवर दोन्ही एकत्र मिळतात, म्हणून परीक्षकांची ती आवडती.

लेणं, चैत्य, विहार, स्तूप यांत गोंधळ होतो.

स्तूप म्हणजे अवशेषांवरचा घुमटाकार ढीग, पूजेचा. चैत्यगृह म्हणजे आत स्तूप असलेली सभागृहासारखी जागा, मागची भिंत अर्धगोल, दोन्ही बाजूंना खांब. विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा, मधे मोकळा चौक आणि भोवती खोल्या. हे सगळं डोंगरात कोरलं की लेणं.

पितळखोऱ्याला हे एका दरीत पाहता येतं. ते कन्नड तालुक्यात मोडतं, म्हणजे कागदोपत्री खानदेशाबाहेर, पण सातमाळा उतरला की आपणच. चौदा लेणी, सुरुवात इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. छताच्या कमानींना दगडातच वासे कोरलेले दिसतील. दगडाच्या छताला वाशांची गरज काय? काहीच नाही. कारागिरांना सवय लाकडी इमारतीची होती, ती दगडात उतरली. कला इतिहासात हे जगभर दिसतं. ग्रीकांच्या दगडी देवळांतही लाकडाच्या तुळयांची टोकं नक्षी होऊन राहिली आहेत.

आणि तिथला यक्ष. लेण्यांसमोरचा ढिगारा काढताना मिळालेला, ढेरपोट्या, डोक्यावर पात्र धरलेला आणि खुशीत हसणारा. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मीत लेख आहे : 'कन्हदासेन हिरमकारेन कता', कृष्णदास नावाच्या सोनाराने केली. प्राचीन भारतीय शिल्पकार आपलं नाव लिहीत नाहीत असं सरसकट सांगितलं जातं, आणि इथे बावीसशे वर्षांपूर्वीचा माणूस नाव आणि धंदा दोन्ही सांगून मोकळा. सोनार म्हटल्यावर यक्षाच्या गळ्यातल्या दागिन्यांकडे परत बघा. दगडात ते इतके बारीक का आहेत ते कळेल. जळगावच्या सराफ बाजारातल्या एका कारागिराला मी फोटो दाखवला. त्याने यक्षाचा चेहरा पाहिलाच नाही, सरळ हाराची गुंफण बघितली.

अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को आहेत ना?

नाहीत, आणि ही सर्वांत चिवट चूक आहे. अस्सल फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना रंग त्यात कायमचा धरला जातो, वेगळा डिंक लागत नाही. अजिंठ्याला खडबडीत खडकावर मातीचा गिलावा आहे. त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले. वर पातळ पांढरा थर, आणि तो सुकल्यावर चिकट पदार्थात कालवलेले रंग. याला टेम्परा म्हणतात. आपल्या घरी भिंतीला माती-भुशाचा गिलावा देऊन वर पांढरी फिरवायचे, ती रीत आठवा, अर्धं अजिंठा समजलं.

रंग बहुतेक आसपासचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना किंवा पांढरी माती. निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द, एक निळा दगड. तो पाचव्या शतकातल्या वाकाटक राजांच्या काळच्या लेण्यांत दिसतो. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं इ.स.पूर्वीची आहेत. दोन्हींत पाचशे वर्षांचं अंतर. 'अजिंठा शैली' असा एकच शब्द वापरताना हे ध्यानात असू द्या. वाघूर नदी लेण्यांखालून वाहते आणि आपल्या तापीला मिळते, पण जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

चित्रं पिवळट का दिसतात, हा पुढचा ठरलेला प्रश्न. १९२०च्या दशकात निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ आणून पोपडे बसवून घेतले. रंग पक्के करायला लाखेचा लेप दिला. चित्रं तगली, पण लाख काळाने पिवळी पडली आणि धूळ धरू लागली. त्याआधी चित्रकार रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं राबून केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक गेल्या, आणि जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स व विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५च्या आगीत. मूळ चित्रं काळोखात तगली आणि नकला संग्रहालयात जळाल्या.

त्रिभंग आणि ग्रीकांचं कॉन्ट्रापोस्टो एकच?

भावंडं म्हणा. ग्रीक मूर्तीत वजन एका पायावर, त्यामुळे कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे कलतात. हाडामासाचा माणूस उभा कसा राहतो याचं ते निरीक्षण आहे. त्रिभंगात मान, कंबर, गुडघा अशा तीन ठिकाणी वळण, आणि त्यामागे नृत्याची लय. एसटीच्या रांगेत अर्धा तास उभे राहा, पहिलं आपोआप होतं.

शेतात जुनी खापरं, मणी किंवा नाणी सापडली तर काय करायचं?

हलवू नका, धुऊ नका, आणि हौसेने आणखी खणू नका. जागेचा आणि वस्तूचा फोटो काढा, गट नंबर आणि साधारण खोली लिहून ठेवा. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत मिळालेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. तलाठ्याकडून वर्दी गेली तरी चालते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीवर १९७२च्या कायद्याची बंधनं आहेत. शेत जप्त होईल या भीतीने लोक वस्तू विहिरीत टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन-चार खापरांपायी कुणाचं शेत गेल्याचं मात्र पाहिलेलं नाही. ओळख पटवायची असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळ आहे.

चित्रावर पाणी मारलं की रंग उठून दिसतात. फोटोपुरतं मारलं तर?

नाही. पाण्याबरोबर खडकातले क्षार वर येतात, सुकताना चित्रावर पांढरी साय धरतात आणि मग रंग पापुद्र्यासकट निघतो. खडूने कडा गिरवणं त्याहून वाईट. सकाळी दहाच्या आत जा, तिरपं ऊन असतं, मोबाइलने साधा फोटो काढा आणि घरी येऊन लाल रंग थोडा वाढवा. तेवढ्यात सगळं दिसतं.